गळ्याशी आलेलं गलबत

पहिला फोन दंतवैद्यांचा आला तेव्हा कप्तान शिडाला इस्त्री करत होते. शीड तळहाताएवढं, इस्त्री जुनी आणि दांडगट. श्वास रोखून काम चाललं होतं, म्हणून फोन बायकोने उचलला.

"दातांचे डॉक्टर आहेत," तिने रिसीव्हरवर हात ठेवून सांगितलं. "म्हणतात, गलबताच्या गळ्याशी गाठ आलीय."

"त्यांना म्हणावं, पुस्तिका नीट वाचा."

"तुम्हीच म्हणा. मागच्या महिन्यात माझी दाढ त्यांनी काढलीय, मला एवढं तोंड नाही."

कप्तान हे नाव मेहुण्याने ठेवलेलं. समुद्राशी त्यांचा संबंध एकदाच, दहा मिनिटांचा आला होता, आणि त्यातली आठ मिनिटं त्यांनी कठड्यावरून वाकून काढली होती. नोकरी सगळी गटारांचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्तीनंतर मात्र त्यांना अचानक शिडाच्या जहाजांचं वेड लागलं. आधी दुसऱ्यांनी बनवलेले संच आणून जोडले, मग त्या संचांना नावं ठेवली, आणि शेवटी दीड वर्ष खपून स्वतःचं दोन डोलकाठ्यांचं गलबत कागदावर उतरवलं. लाकडी कणा, अकरा फासळ्या, वरून गुंडाळायच्या पातळ पट्ट्या, दोरा, शिडं आणि बत्तीस पानांची पुस्तिका. फासळ्या कापून द्यायला लेझरवाला आणि खोक्यात भरायला बायको. स्वतः एक बांधून बघायचं तेवढं राहून गेलं. चाळीस खोकी तयार झाली आणि महिन्याभरात संपलीसुद्धा. कप्तान पंधरा दिवस छाती काढून हिंडत होते.

दंतवैद्यांना त्यांनी फोनवर शांतपणे समजावलं, "पट्ट्या पाण्यात अजून भिजवा. घाई केली की फुगवटा येतो."

"तीन दिवस भिजवल्यात हो. आता त्यांना मोड यायचे बाकी आहेत."

दुसरा फोन शिंप्याचा. त्याच्या गलबताची कंबर बारीक आणि गळा जाड झाला होता. "गिऱ्हाईक असतं तर गळ्याला मोकळं सोडलं असतं आणि कमरेला प्लेट घातली असती," तो म्हणाला. "पण लाकडाला काय करू?" तिसरा फोन एका बँकेतल्या बाईंचा. त्यांचे यजमान जहाजाकडे बघून म्हणाले होते की याने भोपळा गिळलाय, आणि तेव्हापासून घरात अबोला होता. आठव्या फोनपर्यंत कप्तानांचा धीर सुटला. त्यांनी सगळ्यांना एक खरमरीत पत्र धाडलं. घाई, धांदरटपणा आणि कमी भिजवलेली लाकडं, असे गिऱ्हाइकांचे तीन गुन्हे त्यात होते.

"चाळीसजण एकदम धांदरट कसे असतील?" बायकोने विचारलं.

"असू शकतात. मी कचेरीत पाहिलेत."

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण गावातल्या छंद मंडळाने त्यांना विचारलं की रविवारी सगळ्यांसमोर एक गलबत उभारून दाखवाल का, आणि कप्तान चटकन हो म्हणाले. मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी खुर्च्या कमी पडल्या. बारा गिऱ्हाइकं आपापली गाठवाली गलबतं मांडीवर घेऊन बसली होती. दवाखान्यात आजारी पोरं घेऊन बसतात तशी.

कप्तानांनी या दिवसासाठी मुद्दाम भरलेलं नवंकोरं खोकं उघडलं. कणा चिमट्यात उभा केला. "बघा," ते म्हणाले, "प्रत्येक फासळीवर मराठी आकडा आरपार कापलेला आहे. एक, दोन, तीन. ज्या खाचेला जो आकडा, ती फासळी तिथे. यात चुकायला जागाच नाही." फासळ्या भराभर बसल्या. सरस लावला. नेहमी दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची, पण वेळ नव्हता म्हणून त्यांनी बायकोचा केस वाळवायचा पंखा फिरवला आणि पट्ट्या चढवायला घेतल्या. बोलणं अखंड चालू होतं. पट्टी भिजलेली कशी हवी, हात हलका कसा हवा, आजकाल लोकांना वाचायचा कंटाळा कसा आहे. नवव्या पट्टीला हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. बाराव्या पट्टीला बोलत असलेले कप्तान थांबले.

गलबताच्या गळ्याशी भोपळा होता.

"अजून भिजवायला हवी होती," पहिल्या रांगेतून दंतवैद्य म्हणाले.

हॉलमध्ये जो हशा झाला तो बाहेर रस्त्यावर ऐकू गेला असणार. कप्तानांनी रुमालाने कपाळ पुसलं, मग त्याच रुमालाने गलबत पुसलं. बायको मात्र उरलेल्या सामानातली एक जादा फासळी हातात घेऊन उलटसुलट करत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हा तीन मागून बघितला की सहा दिसतो."

"काय?"

"आणि सहा मागून तीन."

कप्तानांनी फासळी हिसकावून घेतली. तीन. उलटी केली. सहा. पुन्हा उलटी केली. बाकीचे आकडे उलटे पडले की डोळ्यांना खटकतात आणि माणूस फासळी फिरवून घेतो, पण हे दोघे उलटे असूनही सुलट्यासारखे साळसूद दिसत होते. तिसरी फासळी नाकाजवळची, अरुंद. सहावी मधली, सगळ्यांत रुंद. दोघींनी जागा बदलल्या होत्या.

तिथूनच लेझरवाल्याला फोन गेला. "तुम्ही फासळ्या उलट्या लावून पाठवता?"

"लेझरने वरची बाजू धुराने काळी पडते, साहेब. तुमच्याच बाईसाहेब म्हणाल्या होत्या, माल स्वच्छ दिसला पाहिजे. म्हणून मी स्वच्छ बाजू वर ठेवून गठ्ठे बांधतो. काही चुकलं का?"

कप्तानांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

त्या आठवड्यात त्यांनी चाळीस माफीपत्रं हाताने लिहिली. प्रत्येक पत्राबरोबर दोन नव्या फासळ्या गेल्या, त्यांवर आकड्यांऐवजी 'तीन' आणि 'सहा' अशी अक्षरं. सरस वाळलेलं गलबत फोडून पुन्हा बांधा असं लिहिताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आता शिव्या येतील अशा तयारीने ते बसून राहिले.

शिव्या आल्या नाहीत. दंतवैद्यांनी फासळ्या साभार परत केल्या. गलबत त्यांनी दवाखान्यात खुर्चीसमोर ठेवलं होतं. "पेशंट बघतो आणि हसतो. हसला की तोंड उघडतं. माझं निम्मं काम तिथेच होतं." शिंप्याने आपल्या गलबताला गळपट्टा शिवला होता. बँकेतल्या बाईंच्या यजमानांनी तर जहाजाला स्वतःच्या साहेबांचं नाव दिलं होतं, आणि घरात बोलणं सुरू झालं होतं.

तक्रार आली ती एकच. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची, वळणदार अक्षरातली. 'मंडळातील सर्व सदस्यांच्या गलबतांना गाठ आहे. माझ्या गलबताला नाही. आपण मला सदोष संच दिला आहे असे दिसते. कृपया लक्ष घालावे.'

कप्तान हॉलमधलं ते गलबत पूर्ण करून, पिशवीत घालून बाईंकडे गेले. बाईंनी त्यांना कपाटासमोर नेलं आणि कप्तान जागीच उभे राहिले. दीड वर्ष कागदावर राहिलेलं त्यांचं गलबत तिथे काचेमागे उभं होतं. जशी हवी तशी कमान आणि वाऱ्याला फाडत जाईल असं नाक. जगातलं बरोबर झालेलं ते एकुलतं एक गलबत होतं.

"डोळ्यांत काही गेलं का?" बाईंनी विचारलं.

"भुसा असेल."

"माझ्या घरात भुसा नसतो."

कप्तानांनी घाईने पिशवीतून आपलं गलबत काढलं. "तुम्ही हे ठेवून घ्या, बाई. मला ते द्या." बाईंनी चष्मा लावून गाठ सर्व बाजूंनी तपासली, पट्टीने मोजली, आणि त्यात लाकूड थोडं जास्तच आहे अशी खात्री झाल्यावर मान डोलावली.

"पण तुमचं बरोबर कसं आलं?" कप्तानांना राहवेना. "तीन आणि सहा सगळ्यांचेच उलटे पडले."

"मी आकडे पाहिलेच नाहीत. कवायतीला मुलं उभी करतात तशा फासळ्या उंचीने लावल्या. मधे थोराड, टोकांना बारक्या. डोळ्यांना दिसतं की."

"आणि पुस्तिका?"

"ती उघडली होती. पहिल्याच पानावर तुम्ही 'सुचना' लिहिलंय, सु ऱ्हस्व. म्हटलं, ज्याला सूचना लिहिता येत नाही त्याच्या सूचना कशाला पाळा." बाईंनी ड्रॉवरमधून पुस्तिका काढून त्यांच्या हातात दिली.

घरी आल्यावर बायको गलबताकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने पुस्तिका चाळली. बत्तीसच्या बत्तीस पानं लाल शाईने भरली होती. शेवटच्या पानावर शेरा होता : 'एकाग्रता कमी. संपूर्ण पुन्हा लिहून आणणे.' त्याखाली एक रेघ मारून लिहिलं होतं, 'पालकांची सही'.

बायकोने कप्तानांच्या खिशातलं पेन काढलं आणि सही केली.