गोळीबंद पाक

हर्षालीचा पाक नुकता कुठं जमत आला होता. थेंब दोन बोटांत धरला की बारीक तार निघत होती आणि ती तार बघून तिला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. नेमका तेवढ्यात समोरच्या दुकानातून हितेश ओरडला, "हर्षूताई, फोन! आळ्याच्या पावण्यांचा!"

डिंगोरे गावात त्या आळीला फोन एकच, हितेशच्या बापाच्या, म्हणजे पोपटलालच्या किराणा दुकानात. आणि आळे गावचा पाहुणा म्हणजे सुदर्शन, हर्षालीचा होणारा नवरा. दसऱ्याला साखरपुडा झालेला, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. अशा वेळी चुलीवरच्या पाकाकडं कोण बघत बसतं? हर्षाली हात पदराला पुसत धावली. सुदर्शननं विचारलं, "काय चाललंय?" ती म्हणाली, "काय न्हाई." मग तिनं विचारलं, "तुमचं?" तो म्हणाला, "काय न्हाई." एवढंच बोलणं बराच वेळ चाललं आणि पोपटलालनं साखर तोलता तोलता ते सगळं मन लावून ऐकलं.

हर्षाली परत आली तेव्हा पाकाला मोठे मोठे बुडबुडे येत होते. तिला वाटलं, छान उकळतोय. तिनं भाजलेला रवा त्यात लोटला.

खरं म्हणजे तिला चहाशिवाय काही येत नव्हतं. पण साखरपुड्याच्या गडबडीत तिची आई, अंबाबाई, विहिणीला म्हणून बसली होती, "आमच्या हर्षालीचं लाडू म्हंजी काय सांगू! जिभंवर ठिवला की इरगाळला!" विहीण सरूबाई म्हणजे आळ्यातलं मोठं प्रस्थ. सगळ्या भावकीला तिच्या हातच्या फराळाचा धाक. तिनं तिथल्या तिथं जाहीर केलं, "मग भाऊबीज झाली की येते खायला." त्या दिवसापासून अंबाबाईची झोप उडाली आणि दिवाळीत हर्षालीची शिकवणी ठरली. लाडू बिघडला तर आई खोटी पडणार आणि पोरगी माप ओलांडायच्या आधीच नापास होणार, एवढं साधं ते गणित होतं.

आणि शिकवणीच्या या पहिल्याच दिवशी आई कांद्याच्या लागणीला रानात गेलेली.

कढईतलं मिश्रण बघता बघता घट्ट व्हायला लागलं. हर्षाली घाबरली. तिनं तळव्यांना तूप चोपडलं आणि वाफाळता गोळा उचलला. हात पोळत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती वळत राहिली. वर लावायचे बेदाणे तिनं पाकाची वाट बघताना खाऊन टाकले होते, म्हणून प्रत्येक लाडवावर एकेक शेंगदाणा खोचला. सगळे लाडू परातीत मांडले आणि मग ती बोटं धरून रडत बसली.

अंबाबाई आली ती अंधार पडता पडता, आणि आल्या आल्या लाइट गेली. चिमणीच्या उजेडात तिनं पोरीच्या बोटांना टूथपेस्ट फासली, वर चिंध्या गुंडाळल्या आणि मग परातीकडं बघितलं.

"अगं बया, गोल झाल्यात की!" तिला भरून आलं. "ही पयली खेप शेजारी दिऊ. पावण्यांसाठी उद्या निवांत करू."

समोरच्या उगमबाईंचा, म्हणजे पोपटलालच्या बायकोचा डबा कधीचा पडून होता. त्यातून बेसनाच्या वड्या आल्या होत्या आणि रिकामा डबा परत द्यायची त्या आळीत कुणाची छाती नव्हती. अंबाबाईनं सगळे लाडू डब्यात भरले आणि कौतुकानं समोर नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर हर्षालीनं बोटांच्या चिंध्या सोडल्या. फोड आले नव्हते, म्हणून तिला बरं वाटलं. मग तिनं परत एकदा हाताकडं बघितलं.

साखरपुड्याची अंगठी बोटात नव्हती.

ती अंगठी सरूबाईनं स्वतःच्या बोटाच्या अंदाजानं घेतलेली. हर्षालीला ती सैल व्हायची म्हणून आत दोरा गुंडाळलेला. तुपानं भिजलेला तो दोरा परातीच्या कडेला चिकटलेला सापडला. अंगठी मात्र कुठंच नव्हती, आणि ती कुठं गेली असेल हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

ती तशीच समोर पोपटलालच्या दुकानात धावली. जाताना मनाला समजावत होती, की उगमबाई जैन माणूस, दिवस मावळल्यावर काही तोंडात घालत नाहीत. म्हणजे लाडू अजून असणार.

"काकू, आमचे लाडू..."

"अगं, काय सुंदर झाले होते!" उगमबाईंनी दोन्ही हात जोडले. "मऊ लोण्यासारखे! सकाळीच संपले सगळे."

"सगळे?"

"सगळे. हितेशनं तर आल्या आल्या खाल्ला."

तेवढ्यात आतल्या खोलीतून हितेशचं कण्हणं ऐकू आलं. "आई गं, पोटात लई दुखतंय!"

हर्षालीला डोळ्यांसमोर हितेशचं पोट दिसलं आणि त्या पोटात आपली अंगठी. आता गप्प राहण्यात अर्थ नव्हता.

"काकू, त्या लाडवात माझी अंगठी हाय. साखरपुड्याची."

पोपटलालच्या हातातलं माप पोत्यात पडलं.

"सोन्याची?" पोपटलालनं विचारलं.

"व्हय."

"मग वेळ घालवू नका. ओतूरला नेऊ, पोटाचा फोटो काढू. दिसली तर ऑपरेशन."

ऑपरेशन म्हणताच आतलं कण्हणं एकदम थांबलं आणि हितेश दारात येऊन उभा राहिला. "मी न्हाई खाल्ला! मी कच्चे पेरू खाल्लेत! लाडू कुणीच न्हाई खाल्ला. आईनं एक बत्त्यानं फोडायला घेतला तर बत्ता उडून पप्पांच्या पायावर पडला. मग समदे भिमाजी तात्यांकडं दिले!"

उगमबाईंचा चेहरा पडला. मगाचं लोणी आता त्यांच्याच घशात अडकलं होतं.

"अगं, त्यांचं पातेलं आलेलं होतं चकल्यांचं," त्या पुटपुटल्या. "रिकामं कसं पाठवायचं?"

लाडवांचं हे कौतुक ऐकून हर्षालीला एरवी रडू आलं असतं. आत्ता मात्र लाडू कुणालाही फुटले नाहीत याचा तिला इतका आनंद झाला, की ती उगमबाईंच्या पाया पडायचीच बाकी राहिली.

भिमाजी तात्या म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर आणि हे लग्न जुळवणारे मध्यस्थ. ते ओट्यावर बसले होते, तोंडाला उपरणं लावून.

"तात्या, उगमकाकूंकडनं लाडू आल्ते का?"

"आल्ते की. लई ग्वाड. खाल्ले," तात्या उपरण्यातूनच म्हणाले, पण शब्दांबरोबर नुसती हवा येत होती. हर्षालीचं लक्ष त्यांच्या मांडीवर गेलं. तिथं तात्यांची नवी कवळी होती, मधोमध तडकलेली.

"तात्या, खरं सांगा. तुमाला माजी शपथ."

शपथ घातल्यावर तात्यांनी उपरणं खाली केलं. "येक चावला. निसता चावला, तुटला न्हाई. पोरी, असला लाडू मी उभ्या जल्मात बघितला न्हाई."

"मग बाकीचे?"

"आज सकाळच्या गाडीनं आळ्याला गेल्तो, तुज्याच लग्नाचं बोलायला. आता पावण्याच्या दारात मोकळ्या हातानं जायाचं व्हय? दिले विहीणबाईस्नी. आमच्या हिनं केल्यात म्हनून सांगितलं."

ज्या सरूबाईनं अंगठी घातली, तिच्याच घरी ती अंगठी गेली होती, आणि तीही लाडवात बसून. तात्यांना सगळी हकिगत कळली तेव्हा त्यांचेही डोळे पांढरे झाले.

"आता त्या अंगठी घिऊनच येत्यात," तात्या म्हणाले. "माजं काय खरं न्हाई. माजं नाव सांगू नगं."

घरी आल्यावर अंबाबाईनं आधी कपाळावर हात मारून घेतला, मग पोरीला बोल लावले, मग स्वतःला, आणि शेवटी म्हणाली, "तुज्या दादांना कळता कामा न्हाई. बोटाला चिंधी बांद." हर्षालीचे वडील रखमाजी भोळा माणूस. त्यांना कळलं म्हणजे पारावर कळलं, असा घरचा अनुभव होता.

दुसरी खेप अंबाबाई जवळ बसून करवत होती. पण या वेळी हर्षालीनं पाकाची इतकी धास्ती घेतली, की तार निघायच्या आधीच कढई उतरवली. लाडू वळेचनात. अंबाबाईनं मुकाट्यानं त्यात दूध नि तूप सोडलं आणि शिरा म्हणून झाकून ठेवला.

ठरल्या दिवशी सरूबाई आली. काठापदराची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि काखेत मोठा पितळी डबा. तात्यांनाही निरोप गेलेला, त्यामुळे तेही तोंडाला उपरणं लावून कोपऱ्यात बसले होते. हर्षालीनं वाकून नमस्कार केला.

"बोटाला काय गं झालं?"

"भाजलं, आत्या. लाडू करताना."

"सांभाळून करावं बाई," सरूबाई म्हणाली. बाकी काही नाही. अंबाबाईनं हर्षालीकडं बघितलं, हर्षालीनं तात्यांकडं. अंगठीचा विषयच निघेना. "बोटं भाजली, लाडू ऱ्हायले," असं सांगून अंबाबाईनं लाडवांऐवजी शिरा आणला, सरूबाईनं तो निवांत खाल्ला, "मऊ झालाय हां," असंही म्हणाली. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून तिघांचा जीव टांगणीला लागलेला.

शेवटी सरूबाईनं डबा पुढं ओढला आणि झाकण काढलं.

"आमच्या घरची चव कळू दे म्हनलं सुनंला. मी सोता केल्यात, दिसभर खपून."

आत लाडू होते. प्रत्येकावर एकेक शेंगदाणा.

अंबाबाईनं पदर तोंडाशी नेला. तात्यांना ठसका लागला. हर्षाली त्या लाडवांकडं बघतच राहिली, कारण त्यांच्यावर तिच्या बोटांचे ठसेसुद्धा तसेच होते.

रखमाजींना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ते खूश झाले. "विहीणबाई, तुमच्या हाताची ख्याती लई ऐकून हाय!" असं म्हणून त्यांनी एक उचलला, चावायला गेले, थांबले, दुसऱ्या दाढेनं बघितलं, परत थांबले. सरूबाई दुसरीकडं बघायला लागली.

"जरा कडक हाय," रखमाजी म्हणाले. "पन कडक लाडूच खरा. हर्षे, पाटा-वरवंटा आन."

"दादा, ऱ्हाऊ द्या!" हर्षाली ओरडली.

"अगं, पावण्यांनी केल्यात आन ऱ्हाऊ द्या काय?" आणि त्यांनी स्वतःच उठून पाटा-वरवंटा आणला. एक लाडू पाट्यावर ठेवून दणका दिला, तो घरंगळत तात्यांकडं गेला. दुसरा ठेवला, जोर लावून हाणला, त्याची दोन शकलं झाली. तिसऱ्यावर मात्र वरवंटा बसला आणि खण्ण आवाज झाला.

अंगठी पाट्यावरून उडाली, गरगर फिरली आणि बरोबर सरूबाईच्या पायाशी जाऊन थांबली.

सरूबाईनं अंगठी उचलली, उलटीपालटी करून बघितली. जुन्नरच्या सोनाराकडं तिनंच निवडलेली, विसरण्यातली नव्हतीच. मग तिनं हर्षालीच्या चिंधीकडं बघितलं. मग लाडवावरच्या शेंगदाण्याकडं. तिच्या तोंडावरचा रंग येत होता आणि जात होता. अंगठी लाडवात कशी, हे विचारावं तर लाडू आपला नव्हे हे आधी सांगावं लागणार होतं.

"विहीणबाई," रखमाजी थक्क होऊन म्हणाले, "ह्ये काय म्हनायचं?"

हर्षालीला काय सुचलं कुणास ठाऊक. तिनं बोटाची चिंधी सोडली आणि हात पुढं केला.

"अंगठी सैल व्हत व्हती, दादा. आत्यांकडं दिली व्हती."

सरूबाईनं तिच्याकडं क्षणभर रोखून बघितलं. "व्हय," ती घसा खाकरत म्हणाली. "आन आमच्यात... लाडवातनंच देत्यात. पद्धत हाय."

"वा!" रखमाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय पद्धत हाय! न्हाईतर आमी. पोरीनं नशीब काढलं!"

सरूबाईनं अंगठी हर्षालीच्या बोटात घातली. ती होती तेवढीच सैल होती, पण ते दोघींशिवाय कुणाला कळायचं कारण नव्हतं.

निघायच्या वेळी सरूबाई पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाक गोळीबंद झाला तुजा."

"चुकलं, आत्या," हर्षाली म्हणाली. "लग्न झाल्यावर तुमी शिकवा मला."

"मी?" सरूबाईनं दाराकडं बघून घेतलं. "मला कुटं येत्यात? तीस वर्सं झाली, दिवाळीला आल्यालेच लाडू फिरवते. त्येंच्यावरच तर नाव झालंय माजं. कुनाजवळ बोलू नगं."

एवढं बोलून ती तांब्या ठेवून बाहेर गेलीसुद्धा. पोरगी धावतच तिच्या मागं अंगणात आली. गेले दोन दिवस छातीवर बसलेला दगड उतरला होता, आणि हसावं की काय करावं हे तिला कळत नव्हतं.

बाहेर अंबाबाई निरोपाचं हळदीकुंकू लावत होती. तिनं सवयीनं विहिणीचा पितळी डबा उचलला. उरलेले लाडू परातीत काढून ठेवलेले, त्यामुळं डबा हाताला हलका लागला. तशी ती लगबगीनं आत गेली. शिरा डब्यात सांडला असता, आणि घरात दुसरं काही नव्हतं.

"विहीणबाई, मोकळा डबा न्हाई द्यायचा," असं म्हणत तिनं भरलेला डबा सरूबाईच्या हातात दिला.

सरूबाईनं झाकण किंचित उचलून आतले शेंगदाणे बघितले, झाकण परत घट्ट लावलं आणि एसटीची वाट धरली.