वैजूताईंच्या धूपाच्या डब्या

वैजूताईंच्या घरी पाहुण्याला पाण्याच्या आधी हातमोजे मिळतात. पांढरे, सुती. कारण कोच सोडला तर घरातल्या प्रत्येक सपाट जागेवर जुन्या जपानी नाहीतर चिनी धूपाच्या डब्या मांडलेल्या असतात, आणि आपण मराठी माणसं डबी दिसली की झाकण उघडून बघणारच. "आत काही नाहीये, लाडू शोधू नका," असं त्या दरडावतात आणि मग स्वतःच तासभर एकेक उघडून दाखवतात.

इथे परदेशात, आइंडहोवनला, आम्ही एकाच कंपनीत, चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. त्या माझ्या सिनियर. वय पंचावन्न, लग्न केलेलं नाही. दर शनिवारी, वारा असो की पाऊस, सायकलला दोन पिशव्या अडकवून त्या जुन्या वस्तूंच्या बाजारात जातात आणि हमाल म्हणून मला नेतात. दुकानदाराने पितळेची डबी घासूनपुसून चकचकीत केलेली दिसली, की त्यांचं तोंड कडू होतं. "मारली रे हिला. हा काळेपणा म्हणजे तिचं वय. तोच घालवला तर उरलं काय?" हे मी इतक्यांदा ऐकलंय, की मलाही आता चकचकीत पितळ बघून राग येतो.

उन्हाळ्यात सांगलीहून त्यांची आई आली, तीन महिन्यांच्या व्हिसावर. चार वर्षं मागे लागून ताईंनी आणली होती. दुसऱ्याच आठवड्यात आजींनी धोशा लावला, "माझं तिकीट बदल. भांडी यंत्र घासतं, कपडे यंत्र धुतं, तू दिवसभर हापिसात. मी काय शोभेला बसू?" ताईंनी डेल्फ्ट गाव दाखवलं, कालव्यातून बोटीने फिरवलं, मराठी मंडळात नेलं. आजी बधल्या नाहीत.

महिना झाल्यावर ताई मला म्हणाल्या, "आज घरी गेले की बदलते तिकीट. डांबून कशाला ठेवायचं?" आवाज नेहमीचाच होता, पण त्यांच्या हातातला चहा तसाच गार झाला. मला फार वाईट वाटलं.

आजींना भेटून घ्यावं म्हणून मीही सोबत गेलो. आजी ओट्याशी उभ्या होत्या. समोर वाटीत कोळलेली चिंच, आणि शेजारी ताईंची सगळ्यात लाडकी चिनी डबी. दीडशे वर्षांची, ग्रोनिंगनच्या एका म्हाताऱ्याकडून दोन वर्षं चिकाटीने मागून मिळवलेली. आता ती सोन्यासारखी लखलखत होती.

"कसली काळीकुट्ट ठेवली होतीस गं वैजू," पदराला हात पुसत आजी म्हणाल्या. महिन्याभरात पहिल्यांदाच त्या खुशीत दिसत होत्या.

ताईंनी डबी उचलली, उलटसुलट करून पाहिली. मग कपाट उघडून त्यांनी पितळेच्या नऊ डब्या एकेक करून ओट्यावर मांडल्या.

"ह्यापण काळ्या पडल्यात, आई."

"अगं बाई, एवढ्या? नक्षी बघ किती बारीक. माझे दोन महिने जातील ह्यात."

"जाऊ देत," ताई म्हणाल्या.