गोठ्यातला मुक्काम

गेणबानं पेला रिकामा करून खाली ठेवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, तो सोनमचा होता.

सोनम त्याची थोरली लेक. नवरा वारला तेव्हा तपासणीत तिलाही एचआयव्ही निघाला. सासरच्यांनी आधी तिची भांडी वेगळी केली, मग तिलाच. ती माले गावी, माहेरी परतली त्या दिवशी गेणबानं अंगणात उभं राहून भावकीला ऐकवलं होतं, "माझी लेक हाय. हितंच ऱ्हाईल, माझ्या शेजारी बसून जेवंल." तिला येऊन चार महिने झाले होते. शेजारी बसायची वेळ आली की गेणबाला म्हशीचं काहीतरी काम आठवायचं.

आता ती दारात उभी होती. "अप्पा, माझं पाणी पिलात व्हय?"

"पिलो तर पिलो. पाणीच हाय न्हवं?" म्हणत तो मोरीकडे गेला. मिठाच्या पाण्यानं चूळ भरली. मग तुरटीच्या. मग कडुलिंबाचा पाला चावला. शेवटी तो फिनेलच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं, बाटली हिसकावली.

"डोस्कं फिरलंय का? नर्सबाईनं सांगितलं न्हाई, पेल्यानं काय बी हुत न्हाई म्हून?"

"माझी दाढ दुखतीया."

"पोरगी बगतीया. लाज धरा जरा!"

आपल्याला झालंच असेल, तर निदान गोजराला नको, म्हणून त्यानं अंथरूण गोठ्यात नेलं. कारण विचारल्यावर तोंडात आलं ते सांगितलं. "बिबट्या फिरतोय. म्हशीपाशी माणूस पायजे."

गोजराबाईनं ते नळावर सांगितलं. शेजारच्या हनुमंतानं शेरडं घरात घेतली, पोरं शाळेला टोळीनं जायला लागली, आणि चौथ्या दिवशी वनरक्षक हजर झाला. "ठसे दाखवा." गेणबानं आपल्याच कुत्र्याचे दाखवले. वनरक्षकानं वाकून बराच वेळ पाहिलं. "लंगडा दिसतोय," असं म्हणून त्यानं तशी नोंद केली. कुत्रं खरंच तीन पायांवर चालायचं.

सोनम गोठ्यात चहा आणून द्यायची. तिची पाठ वळली की गेणबा तो गव्हाणीत ओतायचा. एकदा ती साखर विचारायला मागं वळली. गव्हाणीतला चहा तिनं पाहिला. रिकामा कप उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून चहा गोजराबाई आणायला लागली.

थंडी वाढली, गेणबा खोकायला लागला. खोकला म्हणजे तोच आजार, अशी त्याची खात्री झाली. एका सकाळी "बिबट्याचा अर्ज द्याया जातो" म्हणून तो पौडला गेला आणि थेट सरकारी दवाखान्यात शिरला. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर एक बाई पदर नाकापर्यंत ओढून बसली होती. पदर ओळखीचा होता. गुडघा दाखवायला म्हणून गोजराबाई पहिल्या एसटीनंच निघाली होती.

"गुडगा हितं तपासत्यात व्हय?" गेणबानं विचारलं.

"आन बिबट्याचा अर्ज हितं घेत्यात?"

दोघं शेजारी बसले. ती हळूच म्हणाली, "तिच्या डोस्क्याला त्याल लावलं हुतं. माझ्या बोटाला चीर हुती."

गेणबानं मान खाली घातली.

तासाभरानं समुपदेशक जान्हवी मॅडमनं दोघांना आत बोलावलं. "दोघांनाही काही नाही. उष्ट्या पाण्यानं, तेल लावल्यानं, एकत्र जेवल्यानं हा आजार होतच नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं हुतं. पटलंबी हुतं," गेणबा म्हणाला. "पर भ्या जात न्हाई." आणि त्याला उबळ आली.

मॅडमचं पेन थांबलं. "हा खोकला कधीपासून?"

"असंल म्हैनाभर."

त्याची थुंकी तपासायला गेली. तिसऱ्या दिवशी टीबी निघाला.

"गोळ्या रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. आणि पहिले काही आठवडे सोनमपासून लांब राहायचं," मॅडम म्हणाल्या. "तिच्यापासून तुम्हाला काही होणार नव्हतं, काका. तुमच्यापासून तिला होईल. तिलाही उद्याच तपासणीला पाठवा."

एसटीत त्यानं तोंडाला उपरणं बांधलं. अंगणात पाय ठेवला तर सोनम ओट्यावरून उठून पुढं आली.

"म्होरं येऊ नगंस!" तो ओरडला.

ती जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा पाहून त्याला बरंच काही सांगायचं होतं, पण खोकला बोलू देईना. शेवटी गोजराबाईनंच सगळं सांगितलं, पेल्यापासून बिबट्यापर्यंत.

सोनम हसायला लागली. हसता हसता ओट्यावर बसली आणि तोंडावर पदर धरून रडली. तोंडाला उपरणं बांधलेला बाप अंगणाच्या त्या टोकाला उभा राहिला. आज त्याला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटत होतं, आणि जाता येत नव्हतं.

जरा वेळानं तिनं डोळे पुसले. "गोळ्या दावा. लांबूनच." त्यानं पाकीट वर धरलं. "ह्याच त्यांनाबी हुत्या," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "मळमळंल, पर सोडायच्या न्हाईत. त्यांनी सोडल्या. आन लघवी तांबडी हुईल. ती गोळीनं हुती. भिऊ नगा."

"म्या कशाला भितोय?" गेणबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागून त्याची बोंब ऐकू आली. हनुमंत बिबट्यासाठी काठी घेऊन धावला. सोनमनं चुलीपुढूनच, भाकरी थापता थापता, मोठ्यानं सांगितलं, "अप्पा, तांबडीच हुती!"