साडेपाच तासांच्या वाटेची हकीकत

श्रीवरदविनायकाचे स्मरण करून लिहिले जे, शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरी, कार्तिकमासी एका राज्यात वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. तेथील दप्तरदार अंताजीपंत, वजाबाकीत मोठे वस्ताद. आठ वर्षांमागे महाराजांची एकुलती कन्या सगुणाबाई आक्कासाहेब विमानाने पश्चिमेकडील दूर नगरास सासरी गेल्या, ते समयी पंतांनी टिपिले की निघाल्या सकाळी सहास, आणि तेथून सांगावा आला, 'पोहोचले, येथे साडेअकरा झाले', मग पंतांनी वाट साडेपाच तासांची ठरविली आणि महाराजांनी शिक्का केला. शिक्क्याचा आकडा फिरवू नये, ही त्या दरबारची चाल. पुढे दर दिवाळीस आक्कासाहेब लिहीत, 'लांब पडते, रजा नाही', आणि महाराज म्हणत, "साडेपाच तास लांब? सकाळी निघाली तर दुपारच्या पंगतीला बसेल! मनातच नाही तिच्या." मग पत्रे थांबली आणि अबोला पडला.

यंदा महाराजांचा दमा बळावला आणि राणीसाहेबांनी हळूच लेकीस कळविले. उत्तर आले, 'येथून दुपारी बारास निघते'. महाराज हर्षले, परी राग गेला नव्हता, म्हणोन हुकूम केला, "दिवेलागणीपर्यंत वेशीत आली तर लेक. नाही तर वेस बंद." मग सुवासिनी भाकरतुकडा घेऊन उभ्या राहिल्या, आणि दिवे लागले, आणि कोणी आले नाही. सदरेवर एकच गोंधळ. कोणी म्हणाले वारा आडवा असेल, कोणी म्हणाले पृथ्वी गोल, तेव्हा जाताना उतार आणि येताना चढ, आणि शास्त्रीबोवांनी नुसतीच मान डोलविली. वेस बंद जाहली. पंत रात्रभर वेशीपाशीच बसून राहिले, कारण आकडा त्यांचा.

दुसरे दिवशी दुपारी अडीचास विमान उतरले आणि चारास आक्कासाहेब वेशीपाशी आल्या. पंतांनी वेशीच्या दिंडीदारातून डोकाविले.

"पंतकाका, मला दार लावलंत?"

"काल बारास निघालात, आज अडीचास उतरलात, आक्कासाहेब! साडेसव्वीस तास होता कुठे?"

"विमानात. सोळा तास."

"जाताना साडेपाच, येताना साडेसव्वीस, आणि म्हणता सोळा? माझं डोकं चालेना."

"तिथलं घड्याळ साडेदहा तास मागे असतं, काका. इथे सकाळ, तेव्हा तिथे आदली संध्याकाळ. म्हणून जाताना साडेदहा तास कमी दिसतात, येताना तितकेच जास्त. दोन्ही आकडे मिळवा आणि निम्मे करा."

पंतांनी धुळीत बोटाने मांडिले. बत्तीस. निम्मे सोळा. पुसून पुन्हा मांडिले, तरी सोळाच. मग पंत तसेच सदरेवर धावत गेले आणि पायांवर पडून बोलिले, "सरकार, वाट सोळा तासांची, कोस चार हजार. शिक्क्याचा आकडा खोटा. चूक माझी."

महाराजांनी पंतांस हाताला धरून उठविले. मग म्हणाले, "वजाबाकी तुमची, पंत. पण किती तास बसून राहावं लागतं गं, हे लेकीला आम्ही आठ वर्षांत एकदा विचारलं नाही." मग काठी घेऊन निघाले, आणि वेस चाळीस पावलांवर, तरी धापेने तीनदा थांबले, आणि अडसर आपल्या हाताने काढिला. कालची भाकर वाळून कडक जाहली होती, तीच राणीसाहेबांनी ओवाळून टाकिली.

तात्पर्य, विमानाची वाट कोस चार हजार, काळ तास सोळा. सदर ते वेस पावले चाळीस, काळ वर्षे आठ. पंतांस हा हिशेब अजून नीटसा उमगला नाही, बोटे मोजीत बसतात. या आकड्यांवर शिक्का केलेला नाही.