विटांच्या आगगाडीच्या अर्ध्या फेऱ्याची बखर

कणकेच्या डब्यात एक पिवळे मुंडके सापडले. चेहऱ्यावर हसू होते.

भिंतीवरचे घड्याळ गणपतीपासून सव्वाचार वाजवून उभे.

राखाडी रंग दोन जातींचा असतो, जुना आणि नवा, आणि त्यावरून दोन प्रौढ गृहस्थ वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत.

आमटी गादीवर सांडली.

"खेळणे" हा शब्द या मुलखात उच्चारू नये.

ज्याच्या कृपेने चाक फिरते आणि ज्याची दृष्टी वळताच तेच चाक रुळाखाली उतरते, त्या चक्रधरास नमन करून, आणि असल्या कामी जी सहसा कोणाच्या जिभेवर येत नाही त्या वाग्देवतेस दुरून दंडवत घालून, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, रविवारी, दुपारचे जेवण उरकल्यावर जे युद्ध जाहले त्याची हकीकत घडली तशी लिहितो. कोणे एके ठायी एक राज्य होते, आणि राज्यास नाव नव्हते, कारण नाव काय ठेवावे याची मसलत अद्याप चालू होती. विस्तार म्हणाल तर दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल, हॉलात सहा माणसांचे जेवणाचे टेबल, टेबलावर प्लायवूडचा मोठा तक्ता, आणि तक्त्यावर रुळांचा लंबगोल फेरा. पूर्वेस सोफा, पश्चिमेस फ्रीज, दक्षिणेस बाल्कनी, आणि उत्तरेस स्वयंपाकघर, तो परमुलुख. या राज्याचे धनी श्रीमंत उपेंद्रराव मोकाशी, विम्याच्या कचेरीतून निवृत्त. निवृत्तीच्या समयी भाच्याने परदेशातून एक खोका आणोन दिला, आणि खोक्यात प्लास्टिकच्या रंगीत विटा होत्या, एकीवर एक दाबून बसवायच्या, आणि बसवल्या म्हणजे त्यांची आगगाडी होई, तिच्या पोटात मोटार, मोटारीस सेल, आणि चालवणाऱ्याच्या हाती रिमोट. मग श्रीमंतांनी बटण दाबले आणि गाडी हलली, आणि ज्या माणसाने उभी नोकरी साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळत काढली त्याच्या शब्दावर, म्हणजे अंगठ्यावर, जगात प्रथमच काही हलले. तेथून राज्यास आरंभ जाहला. आणि मग सेल पुरेनात, म्हणोन प्रथम घड्याळातले सेल खालसा केले, मग टीव्हीच्या रिमोटातले, मग टॉर्चमधले. आणि मग विटा डब्यांत मावेनात, म्हणोन रंगवार वाटून त्या घरभर ठाणी करून राहिल्या, आणि एके दिवशी विटांच्या प्रवाशांपैकी एकाचे मुंडके कणकेत निघाले.

राज्यास सेनापती हवा, तो मिळाला. समोरच्या इमारतीतले राजश्री शिरीषराव गुप्ते, व्यवसायाने दंतवैद्य, यांसही हेच वेड. दातांनी काही उघडू नका, बाटलीचे बूच तर नाहीच, ऐसा उपदेश जे दिवसभर लोकांस करीत, ते शिरीषराव घट्ट बसलेल्या विटा स्वतःच्या दातांनी सोडवीत, आणि राज्यातील निम्म्या विटांवर त्यांच्या सुळ्यांची मोहोर होती. दोघांचे सख्य मोठे, परंतु मध्ये एक वर्ष ते तुटले होते. कारण ऐसे, की विटा करणाऱ्यांनी राखाडी रंगात मागे कधी किंचित निळसर छटा घातली, आणि श्रीमंतांनी जुन्या राखाडीच्या पुलात नव्या राखाडीची एक वीट बसवली, तीही खालच्या अंगाला. शिरीषराव म्हणाले, "हा पूल मी पाहू शकत नाही." श्रीमंत म्हणाले, "मग पाहू नका." आणि त्यांनी वर्षभर पाहिला नाही. या दोघांस पेन्शन व प्रॅक्टिस आहे, मतदानाचा अधिकार आहे, आणि पैकी एक जण लोकांच्या तोंडात सुई घालतो, हे वाचणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

आता परमुलखाची हकीकत. श्रीमंतांच्या पत्नी सौभाग्यवती विभावरीबाई, यांचा उजवा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे जमिनीवर बसवत नसे, आणि टेबलावर राज्य वसलेले, त्यामुळे जेवणाचे ताट मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसून त्या जेवीत. श्रीमंत सोफ्यावर जेवीत, एक डोळा सिग्नलवर ठेवून. ऐसे पुष्कळ दिवस चालले. मग एके दिवशी मांडीवरचे ताट कलंडले आणि आमटी गादीवर सांडली, आणि बाईसाहेब हॉलात येऊन उभ्या राहत्या जाहल्या.

"अहो, टेबल रिकामं करा."

"विभा, टेबलावर अख्खी रचना उभी आहे."

"खेळणी उचलायला किती वेळ लागतो?"

हा शब्द या राज्यात वर्ज्य. शिरीषराव त्या वेळी दातांत एक वीट धरून होते, ती त्यांनी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "वहिनी, याला मॉडेलिंग म्हणतात. जर्मनीत डॉक्टर, इंजिनियर लोक करतात."

"त्यांच्या बायका कुठे जेवतात?" बाईसाहेबांनी पुसले.

मग श्रीमंत म्हणाले, की हे राज्य म्हणजे वेळ घालवणे नव्हे, यात नियोजन आहे, तोल आहे, शिस्त आहे, उद्या आमची गाडी पाहशील तर स्वतःहून म्हणशील की टेबलाचे सार्थक झाले. बाईसाहेब म्हणाल्या, "तुमची गाडी मी रोज पाहते. दर वळणावर तुम्ही तिला बोटाने ढकलता आणि मग इकडे तिकडे बघता." हे खरे होते. चालत्या गाडीस हात लावू नये हा या छंदातला पहिला नियम, आणि तो मोडताना कोणी पाहू नये हा दुसरा. मग श्रीमंतांस भर दरबारात शरम वाटली आणि शरमेच्या भरात ते तह करून बसले. तह ऐसा: येत्या रविवारी गाडी हात न लावता एक पूर्ण फेरा मारील, मारील तर टेबल कायमचे राज्याचे, आणि बाईसाहेबांनी पुन्हा विषय काढू नये, न मारील तर तक्ता त्याच दिवशी खाली उतरेल. साक्षीदार म्हणोन शेजारच्या पुष्पाताई चौबळ नेमल्या.

यावर राज्यात मोठी धांदल उडाली. चार डब्यांची शाही गाडी सिद्ध होतीच, प्रत्येक डब्यात आसने, आसनांवर हसरे प्रवासी. एक साधे इंजिन तिला सहज ओढते. परंतु इंजिन कोणाचे, यावर मसलत अडली. श्रीमंत म्हणाले, माझे. शिरीषराव म्हणाले, "डबे मी बांधले, म्हणजे इंजिन माझं." मग चहा जाहला, आणि मग ऐसे ठरले की दोन इंजिने लावावी, एक पुढे आणि एक मागे, आणि त्यास बळ वाढवणे म्हणावे. मग शिरीषरावांचा चेहरा उतरला.

"माझं इंजिन मागे म्हणजे लोकांना त्याची पाठ दिसणार."

"मग तोंड मागच्या बाजूला करून लावा," श्रीमंत म्हणाले. "दोन्ही टोकांना तोंड. भारदस्त दिसेल."

"हे तुम्हाला सुचलं हे विशेष."

"मला सुचतं अधूनमधून."

दोघेही या तोडग्यावर प्रसन्न होऊन उठले. आणि या मंडळींत एक रिवाज ऐसा, की अपुरे काम कोणास दाखवू नये, न जाणो दुसऱ्याने कल्पना उचलली तर. म्हणोन श्रीमंतांनी आपले इंजिन आपल्या घरी बांधिले आणि शिरीषरावांनी आपले आपल्या घरी, बायकोच्या नजरेआड, दिवाणाखाली, उताणे पडून. प्रत्येकाने आपले इंजिन आपल्या रुळावर चालवून पाहिले, आणि प्रत्येकाचे उत्तम चालले, आणि दोन्ही एका गाडीस जोडून एकदा तरी चालवावी हे त्या दोन डोक्यांत आले नाही.

रविवार उजाडला. पुष्पाताई आल्या, त्यांस सोफ्याची मधली जागा दिली. बाईसाहेब स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसल्या. गाडी सोफ्याकडच्या स्टेशनात उभी केली, पुढे श्रीमंतांचे लाल इंजिन, मागे शिरीषरावांचे हिरवे, तोंड बाहेर. आपला रिमोट दुसऱ्याच्या हाती द्यायला दोघेही तयार नव्हते, सबब रिमोटही दोन. श्रीमंतांनी चार वाक्यांचे भाषण केले, त्यात "प्रकल्प" हा शब्द दोनदा आला. मग श्रीमंत म्हणाले, "शिरीष, पुढे." आणि दोघांनी आपापल्या इंजिनास पुढे जाण्याची आज्ञा केली.

गाडी हलली नाही. गुरगुरली मात्र. लाल इंजिनाचे पुढे स्वयंपाकघराकडे आणि हिरव्याचे पुढे बाल्कनीकडे, कारण ज्याचे तोंड जिकडे, त्याचे पुढे तिकडे; आणि दोन्ही इंजिने मधल्या चार डब्यांस दोन अंगांनी ओढू लागली. श्रीमंतांस वाटले शिरीषरावांचे इंजिन कमी पडते, म्हणोन त्यांनी वेग वाढवला. शिरीषरावांसही तेच वाटले. पुष्पाताई म्हणाल्या, "आवाज छान आहे." मग दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्याच्या मधले जोडणीचे लोहचुंबक, जे त्या खोलीत एकटेच दोघांस धरून होते, ते सुटले. सुटताच लाल इंजिन दोन डबे घेऊन एका अंगाने निघाले, आणि हिरवे इंजिन दोन डबे घेऊन दुसऱ्या अंगाने निघाले, दोन्ही गाड्यांनी वळणे अतिसुंदर घेतली, कोणी बोट लावले नाही, आणि राज्याच्या इतिहासात प्रथमच काही वेगाने आणि निर्वेध चालले. रूळ एकच होता. स्टेशनाच्या बरोबर समोर, पलीकडच्या अंगाला, जुन्या राखाडी पुलावर, दोघांची तोंडे एकमेकांवर आदळली, आणि विटा उडाल्या त्या सोफ्याखाली, फ्रीजखाली आणि एक पुष्पाताईंच्या पदरात. प्रवासी पडले तेही हसत होते.

पुष्पाताईंनी पुसले, "हे असंच असतं, की बिघडलं?"

"तुमचं उलटं होतं," श्रीमंत शिरीषरावांस म्हणाले.

"माझं सरळ होतं. तोंड मागे करा हे कोण म्हणालं?"

"तोंड मागे म्हणालो होतो. दिशा उलटी करायची बारकी कळ असते बॅटरीच्या डब्यावर, ती फिरवायची."

"मग तुमची फिरवायची होती."

"मी पुढचा आहे!"

मग दोघांस एकदम आठवले की टेबल जाते आहे. आणि जी दोन माणसे एका गाडीस एका दिशेने नेऊ शकली नाहीत, ती एका क्षणात एका मताची जाहली. श्रीमंत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "विभा, एक मुद्दा आहे. तहात पूर्ण फेरा म्हटलंय. लाल गाडीने इकडून अर्धा केला, हिरवीने तिकडून अर्धा केला. रुळाचा एकही तुकडा कोरा राहिला नाही." शिरीषराव म्हणाले, "बेरीज पूर्ण होते, वहिनी. आणि हात कोणी लावला नाही, हे पुष्पाताई सांगतील."

"हात नाही लावला, हे खरंय," पुष्पाताई म्हणाल्या.

बाईसाहेबांनी टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. तुमच्या गाडीने अर्धा फेरा केला. अर्ध्या फेऱ्याचं अर्धं टेबल घ्या."

"आणि दुसरा अर्धा?"

"तो शिरीषभावजींचा. त्याचं टेबल त्यांच्या घरून मागा."

यावर शिरीषराव आपली पिशवी शोधू लागले. त्यांच्या घरच्या टेबलावर त्यांच्या पत्नी शिकवण्या घेत, आणि त्या टेबलाकडे दिवाणाखालून पाहण्यापलीकडे शिरीषरावांची कधी मजल गेली नव्हती. त्यांनी फुटलेले हिरवे इंजिन पिशवीत भरले, आणि दवाखान्यात कोणी वाट पाहते आहे ऐसे म्हणोन, रविवार असतानाही, ते निघून गेले. मग श्रीमंतांनी सुताराकडून करवत मागून आणली आणि तक्ता मधोमध कापला, आणि बाईसाहेबांनी आपल्या अर्ध्या भागावरचा भुसा ओल्या फडक्याने पुसून घेतला आणि फडके श्रीमंतांच्या अर्ध्या भागावर ठेवले. अर्ध्या टेबलावर वळण बसत नाही. विटांच्या रुळाचे वळण एकाच मापाचे येते, त्याहून लहान वळणारा रूळ कोणी करीत नाही. म्हणोन फेरा गेला, आणि उरली एक सरळ रेघ, फ्रीजपासून बाईसाहेबांच्या ताटापर्यंत. त्या संध्याकाळी बाईसाहेब खुर्ची ओढून आपल्या टेबलाशी बसल्या आणि पाठ टेकून जेवल्या. श्रीमंतांनी एका उघड्या डब्यात लोणच्याची छोटी बरणी ठेवून गाडी त्यांच्याकडे धाडली, सलोख्याच्या आशेने. गाडी आली, आणि थांबली, आणि बरणी डुलली.

"बरणी हाताने देता येते," बाईसाहेब म्हणाल्या, आणि बरणी उचलून घेतली.

येणेप्रमाणे राज्य अर्धे गेले आणि अर्धे उरले. गाडी जाते आणि तशीच मागे येते, आणि श्रीमंत यास फेरा म्हणतात, आणि कोणी हरकत घेत नाही. शिरीषराव अजून येतात, आपला रिमोट घेऊन. नव्या राज्यासही नाव ठेवण्याची मसलत सुरू आहे.

लग्नाच्या आदल्या वर्षी, भाड्याच्या खोलीत एकट्या राहत असताना, टेलिफोन ऑपरेटर विभावरी दामले यांनी ते सहा माणसांचे टेबल विकत घेतले होते.