कचरूनानांची होडी आमच्या अंगणातून जाते

आमच्या घरातले चमचे नाहीसे व्हायला लागले की समजायचं, दसरा जवळ आला. कॅलेंडर बघायची गरज नाही. आधी शेजारी दिलेल्या पोह्यांच्या बशीतला एक चमचा जातो, मग साखरेच्या वाटीतला, मग माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या सेटमधला एक, ज्यांच्या दांड्यावर द्राक्षांचा घड आहे त्यातला. कामवाल्या बाईला बोल लावण्यात अर्थ नसतो, कारण चोर कोण ते घरादाराला माहीत असतं. तो शेजारच्या अंगणात पाटावर बसून चमच्याचा दांडा करवतीनं कापत असतो. आपण बघितलंच तर चमच्याची वाटी उन्हात धरून आपल्यालाच दाखवतो.

"बघा तरी सर. काय चमकू राहिला. माशाची काय बिशाद हाय याला नाय म्हणायची."

हे आमचे कचरूनाना. मूळचे पिशोरचे. निजामावर पोलिस ॲक्शन झाली तेव्हा त्यांना नुकती मिशी फुटत होती. पुढे आयुष्यभर त्यांनी एसटीची लाल गाडी चालवली. कन्नडचा घाट त्यांना डोळे मिटून पाठ होता, आणि काही प्रवाशांच्या मते ते खरोखरच डोळे मिटून चालवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर गुडघ्यांना तेल लावतात. नानांनी होडी घेतली.

ती छावणीतल्या लिलावात मिळाली. लष्कराची जुनी लाकडी होडी, लांबलचक, तळाला दोन ठिकाणी फुटलेली. नाना गेले होते पलंग घ्यायला. घरी पलंगाच्या ऐवजी होडी आली तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "झोपायला बी येतं हिच्यात." लिलावाच्या जागी भेटलेल्या कुणा म्हाताऱ्या लष्करी साहेबानं त्यांना सोबत एक चरखीवाली काठी दिली आणि ओढत्या गळाची विद्याही दिली. ही विद्या अशी: काठावर बसून गळ टाकायचा नाही. होडी पाण्यात सावकाश चालत ठेवायची आणि मागं लांबलचक तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडायचा. त्याच्या टोकाला चमच्याची वाटी आणि गळ. वाटी पाण्यात डोलत, लकाकत येते, आणि मोठ्या मरळ माशाला वाटतं, एखादी जखमी मासोळी पळतेय. तो तोंड टाकतो.

नानांना यातलं नेमकं काय भावलं ते मला पहिल्याच वर्षी कळलं. "सर, जिंदगीभर टायमात गाडी पोचवली. आता अशी गाडी गावली, जिला कुठं पोचायचंच नाय."

नानांना पोहता येत नाही. पिशोरच्या नदीत पोहण्याइतकं पाणी आपण कधी पाहिलंच नाही, असं ते सांगतात. त्यामुळे पैठणच्या धरणावर होडीत बसताना ते कमरेला टायरची फुगवलेली ट्यूब घालतात, तीही बसच्या टायरची. एवढी मोठी ट्यूब घट्ट बसावी म्हणून पोटाला आधी उशी बांधतात. असा हा माणूस डोक्यावर खाकी टोपी घालून पाण्यातून चालला की काठावरचे बगळेसुद्धा जरा सरकून उभे राहतात.

नवरात्र बसलं की होडीची तयारी सुरू. नाना तिला होडी म्हणत नाहीत, गाडी म्हणतात. नांगराला हँडब्रेक. आधी फटींमधलं जुनं डांबर खरवडायचं, मग सुतळीचे पेळू छिन्नीनं ठोकून बसवायचे, मग वरून गरम डांबर. गल्लीत आठवडाभर रस्ता झाल्याचा वास येतो आणि रस्ता तर होत नाही. त्यानंतर होडीत पाणी भरायचं. उन्हाळाभर वाळलेलं लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि फटी मिटतात. शिवाय गळती आतून बाहेर येते, ती खडूनं खूण करून बुजवायची. आता आमच्या पडेगावात नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसतं. अशा गल्लीत एक माणूस कळश्यांनी होडी भरतोय हे बघून बायका काय बोलतात ते मी इथं लिहू शकत नाही. नाना शांतपणे म्हणतात, "रेडिएटरला पाणी लागतंच, बाई."

एकदा मीही त्यांच्याबरोबर धरणावर गेलो. मी भूगोलाचा मास्तर, जलाशयावर धडा शिकवून झालेला, म्हटलं प्रत्यक्ष पाहू. नानांनी मला मागं बसवलं आणि हातात काठी दिली. काठीच्या शेंड्याला कंडक्टरची घंटी बांधलेली होती, मासा लागला की वाजायला. पंपाचं जुनं इंजिन फटफटत होतं, पाणी निवांत होतं, आणि अचानक घंटी एकदाच खणकन वाजली. मी काठी घट्ट धरली. आता खरं तर होडी चालती ठेवायची, तंगूस ताणलेला ठेवायचा. पण नानांच्या कानावर एक घंटी पडली होती. इतक्या वर्षांची सवय. एक घंटी म्हणजे थांबा. त्यांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक पाण्यात टाकला आणि मान मागं वळवून कोण उतरतंय ते पाहिलं. तंगूस ढिला पडला आणि मासा सुटला.

नानांनी माझ्याकडून काठी घेतली आणि ढिला तंगूस गुंडाळला. मग म्हणाले, "उतरला. त्याचा थांबा आला असंल."

तरीही त्यांना मासे मिळायचेच. पण घरी आणत नसत, काठावरच्या कोळ्यांना देऊन टाकत. नानांची बायको, आमच्या काकू, त्यांच्या निवृत्तीच्या आधीच वारल्या होत्या. "करणारी नाय, तं घरी वास कशाला न्यायचा," एवढंच ते बोलायचे.

आता अंगणाचं सांगतो, कारण सगळी भानगड तिथं आहे. होडी आली तेव्हा आमच्या दोन घरांमध्ये नुसतं काट्यांचं कुंपण होतं. माझा प्लॉट कोपऱ्याचा. पुढं मोटार घेऊ या आशेनं मी रस्त्याकडे रुंद फाटक केलेलं. मोटार काही आली नाही, पण ट्रकमधून होडी माझ्या फाटकातून आत शिरली आणि सरकत नानांच्या अंगणात जाऊन बसली. त्याच उन्हाळ्यात नानांनी चहूबाजूंनी पक्की भिंत बांधली. ज्या माणसानं दोन बैलगाड्यांच्या मधून बस काढली, त्यानं आत होडी ठेवून भिंत बांधली. त्यांच्या स्वतःच्या दारासमोर बोळ, बोळात विजेचा खांब. तिथून होडी बाहेर निघणं शक्य नव्हतं. हे सगळं त्यांच्या लक्षात आलं दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला. होडीला झेंडूची माळ घालून झाली होती, चरखीला कुंकू लावून झालं होतं. नाना भिंतीवरून डोकावले.

"सर, गाडी आडकली. जरा तुमच्या अंगणातून काढू का?"

त्या वर्षी दोन घरांमधली भिंत होडीच्या रुंदीइतकी पाडली. होडी आमच्या तुळशीच्या जागेवरून, फाटकातून, टेम्पोत. दौलताबादचा किल्ला बघायला निघालेल्या एका गाडीनं थांबून विचारलं, इथं समुद्र कुठं आहे. माझी बायको सुमन तोंडाला पदर लावून आत गेली, ते हसू आवरायला नव्हे. तिची तुळशीची कुंडी हलवावी लागली होती आणि तेही नवरात्रात.

होडी पैठणला गेली म्हणजे भिंत पुन्हा बांधावी की नाही? नाना म्हणाले, "कशाला? होळीच्या आधी गाडी वापस येणार की." तर्क बिनतोड होता. धरणाचं पाणी ओसरलं की होडी घरी, तोपर्यंत भगदाड उघडं. विटा बाजूला नीट रचलेल्या. मग रोज सकाळी नाना त्या भगदाडातून आमच्याकडे चहाला यायचे, कारण चक्कर मारून दारानं यायला त्यांना परकं वाटायचं. सुमनला नारळ फोडून द्यायचे, माझ्या स्कूटरला किक मारून द्यायचे, पेपर माझ्याआधी वाचायचे आणि त्यातल्या अपघाताच्या बातम्यांत ड्रायव्हरची बाजू घ्यायचे. सुमन पहिल्या वर्षी कुरकुरली. दुसऱ्या वर्षी तिनं भाजीची वाटी भगदाडातून पलीकडे सरकवली. होडी परत आल्यावर नाना स्वतः भिंत बांधायचे, सावकाश, वीट वीट फिरवून बघत, आणि नुसत्या मातीत. एकदा मी गवंडी बोलावून सिमेंटात बांधू म्हटलं, तर म्हणाले, "या जागेला सिमेंट धरत नाय, सर." मी भूगोल शिकवतो, मला मातीतलं कळतं असा माझा समज होता, म्हणून मलाही ते पटलं.

असं कैक वर्षं चाललं. मग बोळ रुंद झाला आणि विजेचा खांब हलला. नानांचा मुलगा अशोक पुण्याला कंपनीत असतो. गणपतीत तो आला, बोळ पाहिला, आणि वडिलांची दरवर्षीची तोडफोड कायमची संपावी म्हणून त्यानं दर्शनी भिंतीत भलंमोठं लोखंडी फाटक बसवून दिलं. निळा रंग, सरकणारा कडीकोयंडा. माझ्याकडे पेढे घेऊन आला. "काका, आता तुम्हाला त्रास नाही." मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. दरवर्षी अंगणात डांबराचे ओघळ कुणाला हवेत.

नानांनी गल्लीभर फाटकाचं कौतुक केलं. ज्याला त्याला बोलावून कडी सरकवून दाखवली. पण नवरात्र बसलं तरी डांबराचा वास आला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तब्येत बरी नाय. दोन दिवसांनी म्हणाले, फाटक बोटभर कमी पडतंय, गाडी घासंल. मी टेप घेऊन गेलो. होडीच्या दोन्ही अंगांनी एकेक माणूस चालत गेला असता एवढी जागा होती. नानांनी टेपकडे पाहिलंच नाही. "टेपचं काय सांगता सर. गाडीला सवय एका रस्त्याची. नव्या रूटवर पहिल्याच दिशी टाकू नाय."

मी घरी येऊन सुमनला म्हटलं, म्हाताऱ्याचा उत्साह संपला वाटतं. ती ओट्यापाशी चमच्यांचा स्टँड घेऊन उभी होती.

"सगळे आहेत," ती म्हणाली.

"काय सगळे?"

"चमचे. खंडेनवमी उद्यावर आली आणि एकसुद्धा गेलेला नाही. मी मुद्दाम परवा पोह्यांबरोबर द्राक्षांच्या घडाचा पाठवला. धुऊन परत आला."

तिनं स्टँड ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "अहो, अडलंय ते फाटकाचं नाही. त्या फाटकातून होडी गेली तर नाना आपल्याकडे कुठून येणार?"

मी म्हटलं, "दारातून येतील. शेजारी येतात तसे."

"इतक्या वर्षांत कधी आले? त्यांना कारण लागतं. काकू गेल्यापासून त्या घरात एकटे असतात, आणि तसं कुणाला सांगता येत नाही त्यांना. म्हणून भिंत पाडतात."

मला त्या म्हाताऱ्याचा एकदम फार राग आला आणि फार मायाही वाटली. मातीत बांधलेली ती भिंत, वीट वीट फिरवून बघणं, सगळं आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमननं, मी काही म्हणायच्या आत, तुळशीची कुंडी स्वतः उचलून बाजूला ठेवली. हळदकुंकू वाहिलं, तुळशीची माफी मागितली आणि माझ्या हातात पहार दिली. मास्तरकी करून माझे हात खडूचे झालेले. मी अंदाजानं भिंतीच्या मधोमध पहार खुपसली. माती भुसभुशीत होती, वीट हलली आणि भोक पडलं. भोकातून पलीकडे नानांचा डोळा दिसला. ते भिंतीला खेटूनच बसले होते.

डोळा पहारीकडे वळला, मग माझ्याकडे. मग आवाज आला.

"सर, काय करू राहिले?"

"होडी काढायची आहे ना," मी म्हटलं. "फाटक बोटभर कमी पडतंय. मी मोजलं."

"व्हय," नाना म्हणाले. "मी म्हणलो होतो." मग नाक शिंकरल्याचा आवाज. "पण मधून नका काढू. वरून काढा. मधून काढली तं सगळी पायावर येईल तुमच्या. अन् वीट फोडू नका, पुढच्या साली लागंल."

मग ते पलीकडून काढू लागले आणि मी अलीकडून. ड्रायव्हरच शेवटी, त्यांचं तोंड बंद नव्हतं. येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडं, बस्स. दुपारपर्यंत होडीच्या रुंदीचं भगदाड झालं. होडीच्या तळाला यंदा डांबर लागलं नव्हतं, फटी तशाच होत्या. पाण्यात जायला तिला अजून आठ-दहा दिवस लागणार होते. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. नाना पाय उचलून उरलेल्या दोन विटांवरून आमच्या अंगणात आले, नेहमीच्या पायरीवर बसले आणि माझा पेपर उघडला.

सुमननं पोहे दिले. चहा दिला. संध्याकाळपर्यंत बसून ते भगदाडातून घरी गेले.

रात्री भांडी लावताना सुमननं स्टँडमधले चमचे मोजले. मग पुन्हा मोजले.

"द्राक्षांचा घड गेला," ती म्हणाली आणि दिवा मालवून झोपायला आली.