शेरीफचा भाचा

सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं झाली की शेजारचे नाना साबळे मोठ्यानं म्हणतात, "हा तो नव्हे." आजूबाजूचे शूः करतात. मग पुढचे दोन तास नाना जागचे हलत नाहीत. न आवडलेला सिनेमा इतक्या निष्ठेनं शेवटपर्यंत बघणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

सिनेमाही कुठलाही चालत नाही. टोपी, घोडा, कमरेला पिस्तूल आणि भरपूर धूळ असलेलाच लागतो. जुन्या काउबॉय हिरोंना नव्यानं पडद्यावर आणायची सध्या टूम निघाली आहे. असा एखादा नवा अवतार वेलिंग्टनच्या आसपास कुठेही लागला की मला नानांचा फोन येतो. नाना ज्याच्याकडे राहतात तो त्यांचा मुलगा अमेय जॉन्सनव्हिल या उपनगरात आमच्याच रस्त्यावर राहतो. त्यानं एकदाच वडिलांबरोबर असा सिनेमा पाहिला, आणि तेव्हापासून त्याला दर शनिवारी काहीतरी काम निघतं. मी पडले शेजारीण, त्यातून गाडीवाली आणि भिडस्त, त्यामुळे ही सेवा माझ्या गळ्यात पडली.

नानांच्या मते नव्या हिरोला रडू फार येतं. तो दाढी करत नाही. गोळी झाडली की त्याला वाईट वाटतं आणि आपल्याला का वाईट वाटलं हे तो घोड्याला समजावून सांगत बसतो. घोडाही कॉम्प्युटरवर केलेला, त्यामुळे एवढा पळूनही त्याला घाम येत नाही. "वाटोळं केलं, पार वाटोळं," हे घर येईपर्यंत चालतं. यात जगावेगळं काहीच नाही. थिएटरबाहेर उभी असलेली म्हातारी गोरी मंडळीही अशीच करवादत असतात आणि जॅन्डल्स, म्हणजे रबरी सपाता, घातलेली पोरं त्यांना हसत असतात. पण नानांची मुख्य तक्रार त्यांच्या एकट्याचीच होती.

"शेरीफ त्याचा सख्खा मामा होता," ते म्हणायचे. "ते नातंच उडवलंय ह्यांनी. आणि आई कुठंय त्याची?"

नानांना ठाऊक असलेली गोष्ट अशी. हिरोची म्हातारी आई डोंगरापलीकडे त्याची वाट बघत असते. मामानं भाच्याला घरात छळलेलं असतं. शेवटी मामाचा निकाल लावून भाचा घोड्यावर बसतो आणि आईकडे जातो. ही गोष्ट त्यांनी लहानपणी पुण्याच्या कॅम्पात रविवारी सकाळी लागणाऱ्या इंग्रजी खेळांना ऐकली होती. ऐकलीच म्हणायचं, कारण त्यांना इंग्रजी येत नव्हतं. शेजारी बसलेला थोरला भाऊ, दादा, सगळा सिनेमा त्यांच्या कानात मराठीतून सांगायचा.

या दादाचं नाव निघालं की नानांचं तोंड कडू व्हायचं. दादाला एवढं फर्डं इंग्रजी येत होतं आणि त्यानं धाकट्या भावाला त्यातलं अक्षर शिकवलं नाही, हा त्यांचा जन्माचा सल. शिकव म्हणून मागे लागलं की दादा म्हणायचा, आपलं आपण शिकावं. इंग्रजीपायी नानांचं इंजिनिअरिंग पहिल्याच वर्षी सुटलं आणि ते कचेरीत चिकटले. तिथे फायली उपसत ते वाचण्यापुरतं इंग्रजी शिकले. गोऱ्यांचं बोलणं मात्र अजून त्यांच्या डोक्यावरून जातं; सिनेमात कोण काय म्हणालं ते मला विचारून घेतात. दोघा भावांचं बोलणं पुढे बंदच झालं. दोन वर्षांपूर्वी दादा पुण्यात वारला, तेव्हा नाना गेले नाहीत. मी भेटायला गेले तर ते रग्बीची मॅच बघत होते. मला तेव्हा त्यांचा संताप आला होता.

मागच्या महिन्यात असाच एक नवा अवतार बघून आम्ही बाहेर पडलो. एक उंच, वाकलेला गोरा म्हातारा आपण होऊन नानांशी बोलायला आला. यांनी आपल्या हिरोची माती केली, असं तो म्हणाला. मी ते मराठीत सांगताच नानांनी त्याचे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच आपल्या बाजूचं कोणी भेटलं होतं. मग त्यांनी मला आईचं आणि मामाचं विचारायला लावलं.

"व्हॉट मदर, मेट?" म्हातारा म्हणाला.

मूळ सिनेमा आपण पोरवयापासून बघत आलोय आणि त्यात आईबिई कोणी नाही, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. या वयात विसरायला होतं, असं त्याला सांग, नाना मला म्हणाले. ते मी सांगितलं नाही. तोच मूळ सिनेमा येत्या रविवारी दुपारी जवळच्या लोअर हट गावातल्या थिएटरात दाखवणार होते, आणि ऐकू कमी येणाऱ्यांसाठी खाली संवाद लिहून येणार होते. नाना म्हणाले, "चल. याला दाखवतोच."

त्या रविवारी नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हिरो पडद्यावर आला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "हा बघ. हाच तो." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग शेरीफ आला. "आता म्हणेल बघ, मामा, माझ्या आईला काही बोलू नका," नाना पुटपुटले. खाली अक्षरं उमटली. हिरो घोड्याला नाल कुठे ठोकून मिळेल, हे विचारत होता.

"चुकीचं लिहिलंय," नाना म्हणाले. पुढच्या प्रसंगातही लिहिलेलं चुकीचंच निघालं. त्यानंतर ते बोलायचे थांबले. शेवटी एका बाईनं हिरोला विचारलं, तुझं कोण आहे? कोणी नाही, असं म्हणून तो घोड्यावर बसला आणि डोंगरापलीकडे निघून गेला.

दिवे लागले. तो उंच म्हातारा हसत आमच्याकडे आला, नानांचा चेहरा बघून थबकला, आणि त्यांच्या खांद्यावर थोपटून निघून गेला.

"आई गेली आणि आम्हाला मामाकडे ठेवलं, ते हा सिनेमा पाहिला त्याच वर्षी," नाना पडद्याकडे बघत म्हणाले. "मामा मारायचा. दादाला जास्त."

आजूबाजूची माणसं उठून जात होती.

"दादाला इंग्रजी येतच नव्हतं गं. माझ्यासाठी रचायचा सगळं."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर दोघांचाही राग आला. मला येत नाही, हे एवढंसं वाक्य एकाला जन्मभर बोलता आलं नाही. दुसऱ्यानं त्याचं न शिकवणं म्हणजे माज समजून तेच उराशी धरलं. धाकट्यासमोर आपली शान राहावी, एवढंच त्या पोराला हवं असणार. त्यापायी दोघांची अख्खी हयात फुकट गेली.

परतताना रस्त्याच्या डाव्या अंगाला समुद्र होता. आज वाटोळं केलं कोणी म्हणालं नाही. मग नाना बोलायला लागले.

"दादा हॉस्पिटलमध्ये होता ना, तेव्हा अमेयनं तिकीट काढायची तयारी केली होती. दादानं बोलावलंय म्हणाला. मी म्हटलं, गुडघा दुखतोय, एवढा प्रवास झेपायचा नाही."

मी मान हलवली. नाना खिडकीबाहेर पाण्याकडे बघत होते.

"गुडघा काही दुखत नव्हता," ते म्हणाले.